लेझर सेन्सरने माती-पाण्यातील जड धातूंची तपासणी: पालेगाव परिसरातील भात व पालेभाजी उत्पादकांसाठी

अंबरनाथ पूर्वेच्या पालेगावात एका बाजूला आनंदनगर औद्योगिक वसाहत आहे, दुसऱ्या बाजूला नवीन इमारती वाढत आहेत आणि मधल्या शिवारात अजून भाताची खाचरे शिल्लक आहेत. पावसाळ्यात भात, कापणीनंतर ओलीवर वाल किंवा हरभरा, आणि पाण्याची सोय असेल तर पालक, लाल माठ, मुळा, मेथी असा इथला पीकक्रम. तुमचे पाणी विहिरीचे किंवा डोंगराकडून येणाऱ्या ओढ्याचे असेल तर फारशी काळजी नाही. पण कारखान्यांच्या खालच्या अंगाने वाहणाऱ्या नाल्यावर पंप बसवला असेल, तर भाजी विकत घेणारा आज ना उद्या विचारणारच: यात काही उतरत तर नाही ना?

या प्रश्नाचे उत्तर लेझरवर चालणारी उपकरणे काही प्रमाणात देऊ शकतात. बाजारात त्यांची जाहिरात मात्र त्यांच्या कुवतीपेक्षा मोठी होते. म्हणून हे तंत्र काय ओळखते, काय ओळखत नाही आणि त्याचा उपयोग शेतावर कसा करून घ्यावा, हे इथे दिले आहे. (जमीन सपाट करणाऱ्या लेझर लेव्हलरशी याचा संबंध नाही. तिथे लेझर फक्त समपातळीची रेघ दाखवतो.)

जमीन आरोग्य पत्रिकेत जड धातू नसतात

२०१५ साली सुरू झालेल्या योजनेतून मिळणाऱ्या जमीन आरोग्य पत्रिकेवर १२ घटक असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. खत किती द्यावे हे ठरवायला ती उत्तम आहे. पण कॅडमियम, शिसे, क्रोमियम, निकेल किंवा पारा यांचा त्यात उल्लेखही नाही. "पत्रिका चांगली आली, म्हणजे जमीन स्वच्छ" हा समज आपल्याकडे सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. जड धातूंची तपासणी वेगळी सांगून करून घ्यावी लागते.

प्रकाशावरून धातू कसा ओळखतात?

चुलीवर भात उतू गेला की ज्योत क्षणभर पिवळी होते. ती मिठातल्या सोडियमची खूण. दिवाळीच्या फटाक्यांत बेरियम हिरवा रंग देतो आणि स्ट्रॉन्शियम लाल. प्रत्येक मूलद्रव्य तापले की ठरावीक रंगांचाच प्रकाश सोडते आणि हे रंग बोटांच्या ठशांसारखे असतात, एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. हा प्रकाश फोडून त्यातले रंग मोजणे म्हणजे वर्णपटमापन, इंग्रजी नावाने स्पेक्ट्रोस्कोपी.

मातीला असे तापवायचे कसे? १९६० साली पहिला लेझर तयार झाला आणि दोनच वर्षांनी, १९६२ मध्ये, त्याचा झोत पदार्थावर मारून निघणारी ठिणगी तपासण्याची कल्पना मांडली गेली. या पद्धतीला लिब्स म्हणतात. सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरता लेझरचा ठोका मातीच्या गोळीवर पडतो. टाचणीच्या टोकाएवढ्या जागेतील माती वाफ होऊन १० हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापते आणि चमकते. त्या चमकेत शिसे ४०५.८ नॅनोमीटरला, क्रोमियम ४२५.४ ला, तांबे ३२४.८ ला, तर पालाश ७६६.५ ला आपली रेषा दाखवते. आम्लात माती विरघळवणे नाही, दिवसभर थांबणे नाही. एका ठोक्यात बरीच मूलद्रव्ये एकदम दिसतात.

हे यंत्र तुम्ही बातम्यांत पाहिले आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, त्यातील प्रज्ञान रोव्हरवर लिब्स बसवलेले होते. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या मातीत गंधक असल्याचे त्यानेच दाखवले. ॲल्युमिनियम, कॅल्शियम, लोह, क्रोमियम, टायटॅनियम यांच्या खुणाही मिळाल्या. बंगळूरच्या इस्रोच्या प्रयोगशाळेत ते तयार झाले. त्याआधी २०१२ पासून मंगळावरची अमेरिकेची क्युरिऑसिटी गाडी हेच तंत्र वापरून दगड तपासत आहे.

पृथ्वीवर आता हातात धरता येईल एवढी लिब्सची बंदूक मिळते. तिचा मुख्य गिऱ्हाईक आहे भंगार आणि धातू उद्योग: कोणता ॲल्युमिनियमचा मिश्रधातू, पोलादात कार्बन किती, हे ती काही सेकंदांत सांगते. शेतीकडे हे तंत्र उशिरा वळले आहे. किंमत लाखांच्या घरात असल्याने एकट्या शेतकऱ्याने ते विकत घेण्यात अर्थ नाही. विद्यापीठ, संशोधन संस्था किंवा खासगी प्रयोगशाळा यांच्यामार्फतच त्याचा विचार करावा.

चंद्रावर चालले, मग खाचरात का अडते?

याची चार कारणे आहेत. ती नीट समजून घ्या, कारण फसवणूक इथेच होते.

पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे शोधमर्यादा. समजा तुम्ही पालक विकता. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार पालेभाजीत कॅडमियम किलोमागे ०.२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. पालकात नऊ हिश्शांहून जास्त पाणी असते, म्हणजे १० किलो पालक वाळवला तर जेमतेम एक किलो भुकटी उरते. ताज्या पालकातले ०.२ मिलिग्रॅम हे त्या भुकटीत किलोमागे सुमारे २ मिलिग्रॅम होतात. शेतावर वापरायच्या लिब्स यंत्राला मातीत कॅडमियम साधारणपणे किलोमागे काही मिलिग्रॅम ते काही दशके मिलिग्रॅम झाल्यावरच दिसू लागते. म्हणजे भाजी मर्यादेबाहेर गेली तरी यंत्राचा पडदा कोराच राहू शकतो. "कॅडमियम आढळले नाही" असा अहवाल हातात पडला तर आधी विचारा, या यंत्राला किती असल्यावर आढळते? तो आकडा अहवालावर नसेल तर त्या वाक्याला किंमत नाही. क्रोमियम, तांबे, जस्त आणि बऱ्याच अंशी शिसे यांच्या बाबतीत मात्र लिब्स चांगले काम देते, कारण प्रदूषित मातीत त्यांचे प्रमाण मुळातच दहापट-शंभरपट मोठे असते.

दुसरे कारण आपल्या जमिनीत आहे. कोकणची माती दख्खनच्या काळ्या पाषाणापासून, म्हणजे बेसॉल्टपासून बनली आहे. या दगडात तांबे, क्रोमियम, निकेल, लोह आणि टायटॅनियम निसर्गतःच जास्त असतात. यंत्राने क्रोमियमचा मोठा आकडा दाखवला म्हणून लगेच कारखान्याकडे बोट दाखवता येत नाही. आकडा कशाशी ताडायचा तर तुमच्याच गावातल्या, नाल्याच्या पाण्याचा कधी स्पर्श न झालेल्या वरच्या अंगाच्या मातीशी. परदेशातल्या पुस्तकातील सरासरीशी ताडले तर निष्कर्ष चुकणारच.

तिसरे, ओलावा. ओल्या मातीत लेझरची बरीच ऊर्जा पाण्याची वाफ करण्यातच जाते आणि ठिणगी मंद होते. चिखलणी केलेल्या खाचरात उभे राहून घेतलेल्या आकड्यावर विसंबू नका. माती सावलीत वाळवून, चाळून, दाबून तिची गोळी केली तरच मोजणी स्थिर येते.

चौथे कारण सेंद्रिय कर्बाचे. लिब्सने कर्बही मोजता येतो आणि कार्बन क्रेडिटच्या चर्चेमुळे त्याची जाहिरात वाढली आहे. पण कर्बाची नेहमीची रेषा २४७.८ नॅनोमीटरला येते आणि तिला अगदी खेटून लोहाची रेषा असते. आपल्या तांबूस, लोहयुक्त मातीत या दोन रेषा एकमेकींत मिसळतात आणि कर्ब आहे त्याहून जास्त दिसतो. १९३ नॅनोमीटरची दुसरी रेषा वापरणारे यंत्र असेल तर हा दोष कमी होतो. शिवाय लिब्स एकूण कर्ब सांगते, जमीन आरोग्य पत्रिकेवरचा सेंद्रिय कर्ब नव्हे.

मग उपयोग कुठे?

लेझरचा खरा फायदा एका अचूक आकड्यात नाही. भरपूर ठिकाणची तुलना झटपट करण्यात आहे. प्रयोगशाळेत आयसीपी-एमएस नावाच्या यंत्रावर जड धातूंची तपासणी अचूक होते, पण प्रत्येक नमुन्याचे पैसे लागतात, म्हणून शेतकरी एकच नमुना पाठवतो. आणि एका नमुन्यावरून धातू कुठून आला हे कधीच कळत नाही.

पंपाने सोडलेले पाणी ज्या खाचरात पहिल्यांदा पडते, तिथे त्याचा वेग मोडतो आणि गाळ बसतो. जड धातू बहुतांशी या बारीक गाळाला चिकटून येतात. म्हणून पाण्याच्या तोंडाशी प्रमाण सर्वांत जास्त, मधल्या खाचरात कमी, शेवटच्या खाचरात आणखी कमी, असा उतार दिसला तर धातू पाण्यावाटे येत आहे असे मानायला जागा आहे. सगळ्या शेतात सारखाच आकडा आला तर तो दगडाचा गुण असण्याची शक्यता जास्त. रस्त्याच्या कडेला जास्त आणि आत कमी असेल तर धूळ, वाहनांचा धूर किंवा तिथे जाळलेला कचरा तपासा. अशा उताराचा नकाशा काढायला ३०-४० नमुने लागतात आणि तेवढे लिब्सवर एका दिवसात होतात. नकाशावरून सर्वांत वाईट आणि सर्वांत चांगल्या अशा तीन-चार जागा निवडा आणि तेवढेच नमुने एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा. पैसे वाचतात आणि अहवालाला अर्थही येतो.

क्ष-किरणांवर चालणारी एक्सआरएफ बंदूकही याच कामाला वापरतात. शिसे, जस्त, तांबे यांसाठी ती तितकीच किंवा अधिक सोयीची आहे. बोरॉन, लिथियम, कार्बन यांसारखी हलकी मूलद्रव्ये मात्र तिला दिसत नाहीत.

नमुना घेताना

भात कापणीनंतर, वाल पेरण्यापूर्वी, म्हणजे साधारण नोव्हेंबरात नमुने घ्यावेत. पावसाळ्यात पुराचे पाणी खाचरांतून फिरते आणि चित्र बदलते. वरचा २० सेंटिमीटरचा थर घ्या. प्रत्येक खाचरात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करा, पण दोन खाचरांची माती एकमेकींत मिसळू नका. तसे केले तर उतार दिसणारच नाही.

राब भाजलेल्या जागेतून नमुना अजिबात घेऊ नका. तिथल्या राखेमुळे सामू, पालाश आणि कॅल्शियम वाढलेले असतात आणि उपकरणाची मोजणी भरकटते. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या शेडजवळची जागाही टाळा, पत्र्यावरचे जस्त पावसाने मातीत उतरते. त्याच कारणासाठी जस्ताची बादली नको, प्लास्टिकची घ्या. माती काढायला लाकडी किंवा प्लास्टिकचे सुपडे वापरा. पिशवीवर गट क्रमांक, खाचराची जागा, तारीख लिहा आणि मोबाइलवर त्या जागेचा फोटो काढा.

पाण्याचे काय? नाल्याच्या पाण्यावर लेझर मारला तर शिंतोडे उडतात आणि मोजणी बिघडते. त्यासाठी पाण्याचे थेंब गाळण कागदावर सुकवून मग ठोका मारण्याची युक्ती संशोधक वापरतात, शेतावर तिचा उपयोग नाही. पाण्यासाठी साधा सामू व क्षारता मोजणारा मीटर घ्या. सामू ६.५ ते ८.४ मध्ये असावा. क्षारता ०.७ डेसिसायमन प्रति मीटरखाली असेल तर चिंता नाही, ३ च्या वर गेली तर ते पाणी पिकाला देऊ नये. हा मीटर धातू दाखवत नाही, पण रात्रीत पाणी बदलले आहे हे तो सकाळी पंप सुरू करण्यापूर्वी सांगतो. लेझरपेक्षा हा मीटर आधी विकत घ्यावा असे आमचे स्पष्ट मत आहे. पाण्यातील धातूंचे प्रमाण प्रयोगशाळेतूनच काढावे. अन्न व कृषी संघटनेच्या शिफारशीप्रमाणे सिंचनाच्या पाण्यात लिटरमागे कॅडमियम ०.०१, क्रोमियम ०.१ आणि निकेल ०.२ मिलिग्रॅमच्या आत असावे.

वायू ओळखणारे लेझर

धातूंपेक्षा वायूंच्या बाबतीत लेझर कितीतरी पुढे गेला आहे. इथे ठिणगी पाडायची नसते. मोबाइलमधल्या चिपसारख्या छोट्या डायोड लेझरचा रंग विजेच्या प्रवाहाने किंचित मागेपुढे केला जातो. हवेतला विशिष्ट वायू त्यातला नेमका एक रंग शोषतो. समोर पोचलेला प्रकाश जेवढा कमी, तेवढा वायू जास्त. मिथेन १.६५ मायक्रोमीटरजवळ, अमोनिया १.५१ जवळ पकडला जातो. १९९४ साली अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये क्वांटम कॅस्केड लेझर तयार झाल्यावर मध्य अवरक्त भागातील, कितीतरी ठळक खुणाही वाचता येऊ लागल्या. पाइपगॅसची गळती शोधणारी माणसे हातात जे उपकरण घेऊन फिरतात ते याच जातीचे. कारखान्याच्या चिमणीवरही असे सेन्सर बसवतात.

आपल्या भागात याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात वालधुनी नदीत रसायन सोडले गेले आणि त्यातून उठलेल्या विषारी वायूने शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. वालधुनी अंबरनाथजवळच्या डोंगरातून निघून शिवमंदिराच्या कडेने उल्हासनगरात जाते. तिच्या काठावर रात्री पाणी द्यायला जाणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायू वाढला की नाक बधिर होते, सुमारे १०० पीपीएमला काही मिनिटांतच वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला असे समजून थांबू नका, उंच जागेकडे निघा. हवेपेक्षा जड असल्याने हा वायू नाल्यात आणि विहिरीत साचतो.

भातशेतीत याच लेझरने खाचरातून निघणारा मिथेन मोजतात. पाणी सतत भरून ठेवण्याऐवजी जमिनीखाली १५ सेंटिमीटरपर्यंत पातळी उतरू देऊन पुन्हा पाणी भरण्याची पद्धत मिथेन कमी करते, म्हणून कार्बन क्रेडिटच्या योजना तिचा आग्रह धरतात. नाल्याच्या पाण्यावरील शेतात मात्र सावध राहा. त्याचे कारण पुढे दिले आहे.

रामन आणि प्रतिदीप्ती

सर सी. व्ही. रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी जाहीर केलेल्या शोधावर चालणारे लेझर उपकरण धातूऐवजी रेणू ओळखते. औषध कारखान्यांत पिंपातला कच्चा माल तपासायला ते रोज वापरतात. चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा थर वापरला तर थायरमसारख्या बुरशीनाशकाचा अंश फळाच्या सालीवर ओळखता येतो. हिरव्या पानावर मात्र हरितद्रव्यच लेझरने चमकू लागते आणि रामनची क्षीण खूण त्यात बुडते. हीच चमक, ६८५ आणि ७४० नॅनोमीटरची, स्वतंत्रपणे मोजून पिकावरील ताण ओळखतात. त्याला प्रतिदीप्ती म्हणतात. ताण आहे एवढेच ती सांगते. नत्र कमी, पाणी कमी की धातू जास्त, हे त्यावरून ठरत नाही.

धातू आढळलाच तर

मातीत गेलेला कॅडमियम कुजत नाही, उडत नाही. जपानमध्ये जिंत्सू नदीच्या खोऱ्यात खाणीच्या पाण्यावर पिकलेल्या भातामुळे हाडे ठिसूळ करणारा इताई-इताई हा आजार पसरला. १९६८ साली तिथल्या सरकारने त्याचे कारण कॅडमियम असल्याचे मान्य केले. त्यामुळे अहवाल वाईट आला तर पहिले काम म्हणजे ते पाणी बंद करणे. इतर उपाय त्यानंतर.

पालेभाज्या आणि मुळा अशा जागी घेऊ नका, पाने सर्वांत जास्त धातू ओढतात. भेंडी, दुधी, काकडी अशा फळभाज्यांत तो तुलनेने कमी पोचतो. शक्य असेल तर फुले किंवा चारा नसलेली, न खाण्याची पिके घ्या. आपली माती आम्लधर्मी असते आणि आम्लात कॅडमियम मोकळा होतो, म्हणून सामू पाहून चुना द्यावा व तो ६.५ च्या पुढे न्यावा. मात्रा कृषी विभागाच्या प्रयोगशाळेला किंवा कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्राला विचारून ठरवा.

भातात पेच आहे. खाचरात पाणी उभे असते तेव्हा कॅडमियम गंधकाशी बांधला जाऊन मुळांना मिळत नाही. पाणी काढले की तो सुटतो आणि दाणे भरताना तांदळात जातो. म्हणून संशयित जमिनीत लोंबी निघाल्यापासून दाणा भरेपर्यंत पाणी तोडू नये. उलट सतत पाणी ठेवले तर आर्सेनिक जास्त मोकळे होते. दोन्हींपैकी तुमच्या जमिनीत कशाचा प्रश्न आहे, हे प्रयोगशाळेच्या आकड्याशिवाय ठरवता येत नाही. मिथेनसाठी पाणी आलटून पालटून देण्याचा निर्णयही त्या आकड्यानंतरच घ्यावा. पॉलिश तांदळासाठी कोडेक्सची कॅडमियमची मर्यादा किलोमागे ०.४ मिलिग्रॅम आहे.

तक्रारीसाठी लेझरचा अहवाल चालतो का?

पुरावा म्हणून एकटा चालत नाही, तक्रारीला बळ देतो. जलप्रदूषण कायदा १९७४ च्या कलम २१ प्रमाणे सांडपाण्याचा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने ठरलेल्या पद्धतीने घेतला तरच तो न्यायालयात ग्राह्य धरला जातो. तुमच्या खाचरांचा उतार दाखवणारा नकाशा आणि प्रयोगशाळेचे अहवाल जोडून मंडळाच्या कल्याण कार्यालयाकडे लेखी अर्ज द्या, नमुना घेण्याची मागणी करा आणि पोच घ्या. जमिनीच्या नुकसानभरपाईसाठी पुण्याच्या हरित लवादाकडे अर्ज करता येतो. नुकसानीचे कारण पहिल्यांदा घडल्यापासून पाच वर्षांची मुदत असते. यामुळेच जुन्या अहवालांवरची तारीख महत्त्वाची ठरते. ते फेकू नका.

"लेझर माती परीक्षण" विकायला कोणी आले तर

स्वस्तात मिळणारी बरीच हातातली माती परीक्षण यंत्रे लेझरची नसतात. त्यांत साधा अवरक्त दिवा असतो, तो कर्ब, ओलावा, चिकणमाती यांचा अंदाज देतो, जड धातू थेट ओळखत नाही. विक्रेत्याला विचारा: लेझर आहे की दिवा? कोकणच्या मातीवर त्याची जुळणी केली आहे का? प्रत्येक धातूची शोधमर्यादा किती? त्याच नमुन्याचा आयसीपी-एमएस अहवाल शेजारी ठेवून दाखवाल का? प्रात्यक्षिकाच्या वेळी मुलांना लांब ठेवा. लिब्सचा लेझर बहुधा १०६४ नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा असतो आणि त्याच्या परावर्तित झोतानेही दृष्टी जाऊ शकते, म्हणून ठरावीक चष्मा घातल्याशिवाय कोणालाही जवळ उभे राहू देऊ नका.